तंबाखूचा धूर आणि टीबी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीबीचे रुग्ण, त्यांच्या घरची माणसं आणि "मलाही होईल का?" या धास्तीने विचारणारे विडी-सिगारेट ओढणारे, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. तेच ते दोनदा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःच्या औषधांत फेरबदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करा.

१. टीबी जंतूमुळे होतो ना? मग त्यात सिगारेटचा काय संबंध?

जंतूमुळेच होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जंतू नसेल तर आयुष्यभर ओढूनही टीबी होणार नाही, आणि सिगारेटच्या धुरात टीबीचा जंतू नसतो.

पण जंतू शरीरात शिरला की टीबी झालाच, असंही नाही. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे. त्यांच्यातल्या शंभरातल्या ५ ते १० जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. बाकीच्यांचं शरीर जंतूला दाबून ठेवतं किंवा संपवून टाकतं. हे दाबून ठेवणं ज्यांच्यामुळे ढिलं पडतं त्या गोष्टींत कुपोषण, एचआयव्ही, मधुमेह आणि दारू यांच्या रांगेत तंबाखूचा धूरही बसतो.

२. आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत ओढत होते. त्यांना तर काही झालं नाही.

आनंद आहे. न ओढणाऱ्या कितीतरी जणांना टीबी होतो, हेही तितकंच खरं. धोका वाढणं म्हणजे प्रत्येकाला होणं नव्हे. आजोबांकडे बघून स्वतःचा हिशेब मांडता येत नाही, एवढंच.

३. धोका नेमका किती पटीने वाढतो?

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची २००७ मध्ये एकत्र छाननी झाली. तिच्यातून ओढणाऱ्यांना टीबी होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दोन ते अडीचपट निघाला. जंतूचा संसर्ग होण्याची शक्यताही ओढणाऱ्यांत जास्त दिसली.

मृत्यूचं चित्र त्याहून गडद आहे. तमिळनाडूत मरण पावलेले सुमारे ४३ हजार पुरुष आणि जिवंत असलेले ३५ हजार पुरुष यांच्या सवयींची तुलना करणारा मोठा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम वयात टीबीने मरण येण्याचा धोका ओढणाऱ्यांत चारपटीहून अधिक होता. धूम्रपानाचा बळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅन्सर आणि हृदयविकार येतात. इथे टीबीही पुढच्या रांगेत निघाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला. त्यातल्या सुमारे ७ लाख जणांच्या आजाराचा वाटा धूम्रपानाकडे जातो.

'दुप्पट' हा शब्द मात्र जपून वापरावा. जिथे टीबी जवळपास नाहीच तिथे दुप्पट म्हणजेही थोडाच. जिथे शेजारीपाजारी, कामावर, प्रवासात जंतूशी गाठ पडण्याची शक्यता दाट आहे, तिथे तोच आकडा माणसांच्या जिवावर येतो.

४. हा संबंध दारूमुळे किंवा गरिबीमुळे दिसत असेल, असं नाही का?

रास्त शंका आहे, आणि संशोधकही बरीच वर्षं यातच अडकून होते. ओढणारे बहुधा पितातही, गर्दीत राहतात, अर्धपोटी असतात. मग दोष कोणाचा? म्हणून पुढच्या अभ्यासांत दारू, उत्पन्न, वय, शिक्षण यांचा हिशेब वेगळा करून पाहिला गेला. आकडा थोडा खाली आला, पण संबंध पुसला गेला नाही. शिवाय जितकं जास्त ओढणं तितका जास्त धोका, आणि सोडल्यावर धोका उतरणीला, असंही दिसतं. नुसत्या योगायोगात असा चढ-उतार सहसा दिसत नाही.

५. धूर छातीत जाऊन नेमकं करतो काय?

थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण पुढची निम्मी उत्तरं यावर उभी आहेत.

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केसांसारखे तंतू असतात. वाऱ्यावर शेत डोलावं तसे ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेला झुकतात आणि वर पसरलेला चिकट थर घशाकडे ढकलत राहतात. श्वासातून आलेली धूळ आणि जंतू त्या थराला चिकटून वर येतात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. धुराने हे तंतू आधी मंदावतात, मग आखूड होतात, काही ठिकाणी झडूनच जातात. चिकट थर मात्र जास्त बनू लागतो. म्हणजे कचरा वाढला आणि झाडूवाला सुट्टीवर. तंतूंचं काम मग खोकल्याला करावं लागतं. ओढणाऱ्यांचा सकाळचा खोकला म्हणतात तो हाच.

टीबीचा जंतू ज्या सूक्ष्म कणांवर बसून येतो ते इतके हलके असतात की थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे पहारा असतो तो भक्षक पेशींचा. त्या जंतूला गिळतात आणि पोटात मारून टाकतात. ओढणाऱ्याच्या फुप्फुसातली अशी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती तपकिरी कणांनी ठासून भरलेली दिसते. धुरातला जो माल तिला पचत नाही, तो ती पोटातच साठवून ठेवते. अशा गच्च भरलेल्या पेशी सुस्तावतात आणि जंतूपर्यंत वेळेवर पोचत नाहीत. २०१६ मध्ये झेब्रा माशांवरच्या प्रयोगात हे सुस्तावणं दिसलं, आणि ओढणाऱ्या माणसांच्या भक्षक पेशींतही तशीच मंदगती आढळली.

तिसरी गोष्ट टीएनएफ नावाच्या रासायनिक संदेशाची. दबलेल्या जंतूभोवती पेशींचं जे कडं असतं, ते टिकवायला हा संदेश लागतो. संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधं देतात, तेव्हा आत दबलेला टीबी उसळून येऊ शकतो. म्हणूनच ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. प्रयोगशाळेत निकोटीननेही भक्षक पेशींकडून निघणारा हा संदेश कमी पडताना दिसला आहे.

६. मी दिवसाला दोन-तीनच ओढतो. तेवढ्याने काय होणार?

वीस ओढणाऱ्यापेक्षा धोका कमी, न ओढणाऱ्यापेक्षा जास्त. 'इथपर्यंत चालतं' अशी रेघ कोणालाही आखून देता आलेली नाही. आणि 'दोन-तीन' म्हणणाऱ्याला एकदा थोटकं मोजायला सांगा.

७. विडी तर साध्या पानाची. हुक्क्याचा धूर तर पाण्यातून गाळून येतो. ते बरं नाही का?

नाही. विडीत तंबाखू कमी असते खरी, पण पानाचं वेष्टण हवा सहज आत घेत नाही. ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोराने मारावे लागतात, त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं किंवा अधिकही आत जातं. 'लाइट' सिगारेटची गंमत अशी की तिच्या फिल्टरवर हवेसाठी बारीक छिद्रं असतात. ओढणारा ती बोटांनी किंवा ओठांनी नकळत झाकतो आणि कमी लागते म्हणून खोल ओढतो.

हुक्क्यातलं पाणी धूर थंड करतं, निर्धोक करत नाही. थंड धूर घशाला टोचत नाही म्हणून तो उलट अधिक वेळ, अधिक खोल ओढला जातो. भरीला बंद खोलीत गोल करून बसणं आलं. टीबी उष्ट्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. पण एकाच कोंदट खोलीत तासन्‌तास एकमेकांचा खोकला श्वासात घेणं म्हणजे जंतूला आमंत्रणच. ऑस्ट्रेलियात गांजासाठीची पाण्याची नळी आळीपाळीने ओढणाऱ्या एका मित्रमंडळात टीबीचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडल्याची नोंद २००३ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

८. मी ओढत नाही, तंबाखू मळून खातो. मला हे लागू आहे का?

वर सांगितलेले पुरावे धुराचे आहेत, आणि खाण्याच्या तंबाखूला ते जसेच्या तसे लावणं चूक ठरेल. पण म्हणून सिगारेट सोडून तंबाखू खायला लागणं हा उपाय ठरत नाही. तोंडाचा कॅन्सर त्या वाटेवर उभा आहे. ई-सिगारेटबद्दलही हेच विचारतात: तिच्यात जळकी तंबाखू नसते, पण निकोटीन असतं, आणि निकोटीन काय करतं ते प्रश्न ५ मध्ये आलं आहे.

९. घरात मी एकटाच ओढतो. बायको-मुलांनाही धोका आहे का?

आहे, दोन वाटांनी. दुसऱ्याचा धूर श्वासात गेल्याने मुलांच्या फुप्फुसांची राखण कमजोर होते. आणि तुम्हालाच टीबी झाला, तर घरातल्या हवेत जंतूही तुमचा आणि धूरही तुमचाच. लहान मुलाला अशा घरात संसर्ग लवकर होतो आणि संसर्गाचा रोगही लवकर बनतो. बीसीजीची लस मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं संरक्षण देते, पण ती धुराचा उतारा नाही.

"मी खिडकीत उभा राहून ओढतो" हे उत्तर फार ऐकू येतं. धूर खिडकीतून आतही येतो.

१०. मला रोज सकाळी खोकला येतोच. तो सिगारेटचा की टीबीचा, हे कसं ओळखू?

ओळखू नका, तपासून घ्या. धूर टीबीला वाट करून देतोच, पण तो त्याला झाकूनही ठेवतो. ओढणारा स्वतः म्हणतो, "माझा नेहमीचाच आहे." घरचे म्हणतात, "ओढतोस ना, मग खोकणारच." यात महिने जातात आणि तेवढ्या काळात जंतू आजूबाजूच्यांकडेही पोचतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी, हा सर्वसाधारण नियम. ज्याला दोन वर्षं खोकला आहे त्याला हा नियम ऐकून हसू येतं. त्याने पाहायचं ते खोकल्यातला बदल. सकाळपुरता होता तो दिवसभर येऊ लागला, कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो, कमरेचा पट्टा एक भोक आत गेला, जेवणावरची वासना उडाली, कफात रक्ताची रेघ दिसली. यातलं एकही असेल तर थांबू नका. आणि यातलं काहीच नसलं तरी जुन्या खोकल्यासाठी एकदा तपासणी करून घेण्यात तोटा काय?

तपासणी म्हणजे छातीचा एक्स-रे आणि थुंकीची चाचणी, शक्य तिथे जंतूची जनुकं शोधणारी रेण्वीय चाचणी. एकट्या एक्स-रेवर निकाल लावता येत नाही. ओढणाऱ्याच्या फुप्फुसात फुगलेले वायुकोश आणि जुने व्रण असले तर चित्र आणखी गोंधळाचं होतं.

११. थुंकीचा नमुना दिला, तर 'फक्त लाळ आहे, पुन्हा द्या' म्हणाले. मग कसा द्यायचा?

चाचणीला 'थुंकी' म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. हवा असतो तो छातीतून आलेला बेडका. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, नुसत्या पाण्याने चूळ भरा. उघड्या हवेत, लोकांपासून दूर जाऊन दोन-तीनदा पूर्ण छाती भरून श्वास घ्या, क्षणभर रोखून सोडा, मग पोटापासून जोर लावून खोका. डबी ओठांजवळ धरा. आत घट्ट, पिवळसर किंवा पांढरट चिकट काही आलं तर नमुना जमला. पाण्यासारखं फेसाळ आलं तर ती लाळ. बाहेरच्या बाजूला ओघळ येऊ न देता झाकण घट्ट फिरवा. नमुन्याआधी 'मोकळं व्हायला' झुरका मारण्याची सवय अनेकांना असते. त्याची गरज नाही. दीर्घ श्वास पुरतो.

१२. ओढणारा आहे आणि खोकल्यातून रक्त पडलं. हे टीबीच ना?

असेल, नसेलही. ओढणाऱ्याच्या बाबतीत फुप्फुसाच्या कॅन्सरचाही विचार सोबतच करावा लागतो, चाळिशीनंतर तर नक्कीच. एक्स-रेवर दोन्ही एकसारखे दिसू शकतात. जंतू सापडलेला नसताना केवळ डागावरून टीबीची औषधं सुरू झाली असतील आणि दोन महिन्यांत फरक नसेल, तर "कॅन्सर नाही ना, हे तपासलं का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीची तपासणी लागू शकते. रक्त पेलाभर किंवा थांबत नसेल तर प्रश्न विचारत बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा.

१३. ओढतो हे डॉक्टरांना सांगायलाच हवं का? उगाच बोलणी बसतात.

सांगा. एक प्रसंग इतक्यांदा पाहिला आहे की आता तो पाठ झालाय. "ओढता का?" "नाही, सोडली." "कधी?" थोडा वेळ शांतता, मग हळूच, "काल रात्री." आणि खिशातून लायटर डोकावत असतो. यात हसण्यासारखं काही नाही; माणूस घाबरलेला असतो. पण खरं सांगितलं नाही तर थुंकी उशिरा का साफ (म्हणजे जंतूमुक्त) होतेय, दम का लागतोय, दुसरी कोणती औषधं आपसांत भिडतील (प्रश्न १७ आणि २२), याचा अंदाज चुकतो. बोलणी बसण्याचा दोष बोलणाऱ्याकडे जातो. टीबीच्या उपचारात दर भेटीला विचारणं, थोडक्यात सल्ला देणं आणि सोडायला मदत करणं हे त्यांच्या कामातच येतं.

१४. टीबी झालाच आहे, औषधंही सुरू आहेत. आता सोडून काय मिळणार?

उलट हीच वेळ आहे. औषधं जंतूला मारतात, पण जखमी फुप्फुस भरून काढायचं काम शरीराचं असतं, आणि धूर त्याच कामात पाय घालतो. ओढत राहणाऱ्यांत थुंकी साफ व्हायला जास्त वेळ लागतो, उपचार अर्ध्यावर सुटण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि बरं झाल्यावर टीबी उलटण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसतो. तैवानमध्ये सुमारे पाच लाख प्रौढांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१० मध्ये आला. ओढणाऱ्यांत टीबीने मरण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त होता, आणि ज्यांनी सोडली त्यांच्यात तो सुमारे ६५ टक्क्यांनी कमी दिसला. एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट रुग्णाच्या स्वतःच्या हातात क्वचितच असते.

१५. सिगारेट ओढली त्या दिवशी गोळ्या घेतल्या तर चालतील का? की त्या दिवशी टाळू?

घ्याच. 'आज ओढलीय, म्हणून गोळी नको' हा गैरसमज सगळ्यांत घातक आहे. धुराने उपचाराला अडथळा येतो. पण गोळी चुकवल्याने जंतू औषधाला निर्ढावतो आणि साधा टीबी औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. सिगारेट सुटली नाही म्हणून औषध सोडू नका. दारूचं मात्र वेगळं आहे: तिचा आणि या गोळ्यांचा मारा एकाच यकृतावर होतो. दारू घेतली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

१६. औषधांनी आधीच मळमळतं, चिडचिड होते. त्यात सिगारेट सोडणं झेपेल का?

झेपतं, पण पहिला आठवडा वाईट असतो हे धरून चाला. तलफ लाटेसारखी येते आणि चार-पाच मिनिटांत ओसरते. त्या पाच मिनिटांचं नियोजन आधी करून ठेवलं तर निम्मं काम झालं: उठून चालणं, पाणी पिणं, कुणाला तरी फोन. झोप न लागणं, चिडचिड, लक्ष न लागणं हे साधारण दोन ते चार आठवड्यांत निवळतं. भूक वाढते; वजन घटलेल्या रुग्णाला तर ती हवीच असते.

औषध सुरू झालेला दिवसच सोडण्याचा दिवस ठरवणं अनेकांना सोपं जातं, कारण त्या आठवड्यात अंगात ताप असतो, छाती दुखत असते आणि झुरका तसाही गोड लागत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, बरं वाटू लागल्यावर.

बांगलादेश आणि पाकिस्तानमध्ये ओढणाऱ्या सुमारे अडीच हजार टीबी रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सोडण्यासाठी समुपदेशन मिळालं. निम्म्यांना सोबत सायटिसिन या तलफ कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्या, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत जवळपास तीस टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती. गोळीने वेगळा फायदा दाखवला नाही, हे निराश करणारं असेल. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. टीबी झालेल्या माणसाशी नीट बसून बोललं गेलं, तर तो ऐकतो.

१७. निकोटीनचे गम, पॅच किंवा सोडण्याच्या गोळ्या टीबीच्या औषधांबरोबर चालतात का?

गम आणि पॅच साधारणपणे चालतात. प्रश्न ५ वाचून "मग निकोटीनच कशाला?" असं वाटेल. पॅचमधून निकोटीन येतं, धूर येत नाही, आणि ते काही आठवड्यांपुरतंच असतं. सौदा फायद्याचाच आहे.

सोडण्याच्या गोळ्यांपैकी व्हॅरेनिक्लिन बहुतांशी जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांशी त्याचं फारसं भांडण नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र मात्रा बदलावी लागते, आणि त्याच्यानेही मळमळतं.

सोडण्याची दुसरी गोळी बुप्रोपिऑन, तिच्यापासून सावध. रिफॅम्पिसिन हे टीबीचं नेहमीचं औषध यकृताला इतकं कामाला लावतं की बुप्रोपिऑन रक्तात टिकतच नाही. त्यातून बुप्रोपिऑनमुळे झटके येण्याचा धोका असतो, आणि औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत दिली जाणारी लेव्होफ्लॉक्सॅसिन-मॉक्सिफ्लॉक्सॅसिन त्यात भर घालू शकतात. अशाच टीबीत दिलं जाणारं लिनेझोलिड सुरू असेल तर बुप्रोपिऑन घेऊच नये.

१८. सिगारेट सोडल्यावर खोकला उलट वाढला. औषध लागू पडत नाही का?

बहुधा झाडूवाला कामावर परतला आहे (प्रश्न ५). तंतू पुन्हा हलू लागले की साठलेला कफ वर येतो आणि काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो. पण हे स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. वजन वाढतंय, ताप गेलाय, ठरलेल्या वेळची थुंकी साफ आली, तर काळजी नाही. ताप परतला किंवा वजन घटू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

१९. मी काही वर्षांपूर्वीच सोडली. माझा धोका आता न ओढणाऱ्याइतका झाला का?

कमी झाला, पूर्ण बरोबरीला आलाच असं सांगता येत नाही. जुने ओढणारे या हिशेबात मधल्या पायरीवर दिसतात. फुप्फुसाची मोडतोड आधीच झाली असेल, तर ती पूर्ण भरून येत नाही.

२०. घरात टीबीचा रुग्ण आहे आणि मी ओढतो. मला प्रतिबंधक गोळ्या मिळतील का?

मिळू शकतील, पण त्या रुग्णाच्या सहवासामुळे; ओढण्यामुळे नव्हे. इथे अनेकांचा गोंधळ होतो. जागतिक आरोग्य संघटना केवळ धूम्रपान करतो म्हणून सरसकट सुप्त (शरीरात दबून असलेल्या) संसर्गाची तपासणी आणि प्रतिबंधक उपचार सुचवत नाही. फुप्फुसाच्या टीबी रुग्णाचे घरचे, एचआयव्हीबाधित, सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) असलेले, टीएनएफ रोखणारी औषधं सुरू होणारे, डायलिसिसवर असलेले, अशा ठरावीक गटांसाठी ती सूचना आहे. तुम्ही अशा गटात असाल तर आधी तुम्हाला रोग तर नाही ना, हे नीट पाहिलं जातं. ओढणाऱ्याच्या खोकल्यामुळे ही पायरी घाईत उरकू नये: अंगात रोग असताना प्रतिबंधाची अपुरी मात्रा दिली तर जंतू निर्ढावतो.

२१. मला मानेच्या गाठींचा टीबी आहे, फुप्फुसाचा नाही. मग सिगारेटने काय बिघडतं?

धूम्रपानाचा संबंध सगळ्यांत ठळक दिसतो तो फुप्फुसाच्या टीबीशी, हे खरं. पण जंतू गाठीपर्यंत पोचला तो बहुधा श्वासातूनच, आणि फुप्फुस काही वेगळ्या माणसाचं नाही.

दगड फोडणं, खाणकाम, वाळूच्या फवाऱ्याने घासकाम, असं काम असेल तर हे दुपटीने ऐका. सिलिकाची धूळ त्याच भक्षक पेशींना मारते ज्यांना धूर सुस्तावतो. मधुमेह असेल तरी तेच. साखर आणि धूर एकमेकांची वाट बघत नाहीत.

२२. दम्यासाठी थिओफायलिन घेतो. सिगारेट सोडल्यावर हात थरथरतात, छातीत धडधडतं. तलफेमुळे का?

कदाचित औषधामुळे. तंबाखू जळताना निघणारी काही रसायनं यकृताला थिओफायलिन भराभर मोडायला लावतात. त्यामुळे ओढणाऱ्याला मात्रा मोठी दिलेली असते. धूर थांबला की मोडणं मंदावतं आणि तीच मात्रा जास्त होते. हा परिणाम निकोटीनचा नसून धुराचा असल्याने पॅच लावूनही तो टळत नाही. उलट बाजूने, रिफॅम्पिसिनही थिओफायलिन लवकर मोडतं. म्हणजे टीबीचा कोर्स सुरू होताना आणि संपताना पुन्हा हिशेब बदलतो. सोडण्याची तारीख ठरली की डॉक्टरांना आधी कळवा. रक्तातली पातळी मोजता येते.

२३. एथॅम्ब्युटॉल सुरू आहे आणि लाल-हिरवा रंग फिका वाटतो. सिगारेटमुळे असेल का?

कारण शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. एथॅम्ब्युटॉल हे टीबीचं औषध डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं आणि रंग फिके दिसणं हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असतं. फार ओढणाऱ्या-पिणाऱ्या, अर्धपोटी माणसांत त्याच नसेचा वेगळा आजारही दिसतो. दोन्हींत लवकर पकडणं महत्त्वाचं. दोन्ही डोळे आलटून पालटून झाकून आठवड्यातून एकदा एखादा मजकूर वाचून पाहावा.

२४. कोर्स पूर्ण झाला, थुंकी साफ आहे. आता कधीतरी एखादी चालेल ना?

जंतू गेला तरी फुप्फुस पूर्वीचं राहिलेलं नसतं. टीबीनंतर व्रण, पोकळ्या, आकसलेल्या किंवा सैल झालेल्या श्वासनलिका मागे उरू शकतात आणि जिना चढताना दम लागतो. धूम्रपानाने होणारा दमही त्याच जातीचा. दोन्ही एकावर एक चढले की वय पन्नास आणि छाती सत्तरीची, असं होतं. 'एखादी' बहुतेकांच्या बाबतीत एखादीवर थांबत नाही, पण एकदा ओढली गेलीच तर सगळं संपलं असंही नाही. त्याच दिवसापासून पुन्हा सोडायची.

कोर्स संपल्यावर पुढच्या दोन वर्षांत खोकला परतला, तर 'पुन्हा ओढायला लागलो म्हणून असेल' असं समजू नका. घरात उरलेल्या जुन्या गोळ्याही सुरू करू नका. आधी बेडका तपासायला द्या, प्रश्न ११ मध्ये सांगितला तसा.